लॉस एंजेलिस कौंटीचा कारभार

'कौंटी' हा शब्द इंग्रजीच्या पाठांत आला कीं आम्ही शिक्षक 'जिल्हा' असा अर्थ सांगून पुढें जातों. पण तेवढ्यानें भागत नाहीं. आपल्याकडे १९६२ सालीं जिल्हा परिषदा स्थापन झाल्या, तरी कलेक्टर नेमतें तें सरकारच. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांतल्या लॉस एंजेलिस कौंटींत कारभाराच्या शिरोभागीं लोकांनीं निवडलेलें मंडळ असतें.

ही कौंटी १८५० सालीं स्थापन झाली. लोकसंख्या सुमारें एक कोटी. तींत शहरें ८८, व प्रत्येक शहरास स्वतःची नगरसभा आहे. परंतु निम्म्याहून अधिक प्रदेश कोणत्याच शहरांत मोडत नाहीं. पूर्व लॉस एंजेलिस ही लाखाहून अधिक वस्तीची जागा त्यांतलीच. तेथें नगराध्यक्ष नाहीं, नगरसभाहि नाहीं. घर बांधण्याची परवानगी हवी असली तरी रहिवाशास कौंटीच्याच दारीं जावें लागतें. अशा सुमारें दहा लाख लोकांस कौंटीचा कायदा हाच गांवचा कायदा होय. शहरांच्या हद्दींत तो सामान्यतः चालत नाहीं, आणि संस्थानाच्या कायद्याशीं विसंगत असल्यास कोठेंच चालत नाहीं.

मंडळाचे सभासद पांच, मुदत चार वर्षें. कायदे करणारे तेच, खर्च मंजूर करणारेहि तेच. पोलिसांचा मुख्य शेरीफ मात्र लोक निराळा निवडतात. सबळ कारण असल्यास चार मतांनीं त्यास काढण्याचा अधिकार मतदारांनीं मंडळास २०२२ सालीं दिला.

आतां कायदा कसा होतो तें पाहूं. मसुदा सभेपुढें मांडल्यावर पांच दिवस तो मंजूर करतां येत नाहीं. आमच्या मतें ही सक्तीची वाटच सर्वांत मोलाची. तेवढ्यांत लोकांस तो वाचतां येतो व सभेंत येऊन बोलतां येतें. मग तीन मतें मिळालीं कीं कायदा मंजूर. कोणीं बाजूनें व कोणीं विरुद्ध मत दिलें हें नांवांसह छापावें लागतें. सर्वसाधारण कायदा तीस दिवसांनीं अमलांत येतो. त्या अवधींत, गव्हर्नरच्या मागील निवडणुकींत कौंटींत जितकीं मतें पडलीं त्यांच्या दशांशाइतक्या मतदारांनीं विरोधी अर्जावर सह्या केल्या, तर कायदा थांबतो. मंडळानें तो रद्द करावा, नाहीं तर लोकांच्या मतास टाकावा. तांतडीचा कायदा तात्काळ लागू होतो, पण त्यास पांचांपैकीं चार मतें लागतात.

वर्गांत एका मुलानें विचारलें, "गुरुजी, एक कोटी लोकांना पांचच माणसें?" प्रश्न योग्य होता. एकेका सभासदामागें सुमारें वीस लाख माणसें! पूर्व लॉस एंजेलिसच्या रहिवाशाची तक्रार त्याच्या कानीं पडावी तरी कशी? नोव्हेंबर २०२४ मध्यें मतदारांनीं थोड्याशा बहुमतानें ठरविलें कीं, २०२८ सालीं कौंटीचा मुख्य कारभारी लोकांनींच निवडावा व २०३२ सालापासून सभासद नऊ असावे. नऊ झाले तरी एकेकाच्या वाट्यास अकरा लाख येतातच.