कोणी बघत नसताना

‘खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे’ ही म्हण आपण सगळ्यांनी पाठ केलेली आहे. ती वापरताना बोट मात्र नेहमी दुसऱ्याकडे असते. आज ते स्वतःकडे वळवतो, कारण लेखाचा विषय आहे दांभिकपणा आणि माझ्या माहितीतले सर्वांत जवळचे उदाहरण मीच आहे.

आनेकलच्या बाहेर आमच्या क्रॉस-कंट्रीच्या सरावाचा मार्ग एका नाचणीच्या शेताला वळसा घालून जातो. शेताच्या बांधावरून गेले की बरेच अंतर वाचते. तिथे उस्ताद उभे नसतात. मागच्या टर्ममध्ये मी दोनदा बांधावरून गेलो. पुढे सेक्शन कमांडर झाल्यावर आठवीतला एक कॅडेट त्याच बांधावरून येताना मला दिसला. मी त्याचे नाव दिले. वर सगळ्या सेक्शनसमोर प्रामाणिकपणावर पाच मिनिटे बोललो. त्याला रविवारी एक्स्ट्रा ड्रिल मिळाली. नेमके त्याच रविवारी त्याचे आई-बाबा सोलापूरहून भेटायला आले होते. ते दोन तास बाहेरच्या बाकावर बसून राहिले.

मला खटकली ती गोष्ट पुढची आहे. ते भाषण देताना आपण ढोंग करतो आहोत असे मला जराही वाटले नव्हते. असे कसे होते?

अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डॅनिएल बॅट्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले. एका विद्यार्थ्याला सांगायचे की कामे दोन आहेत. एकात बक्षिसाच्या सोडतीची तिकिटे मिळू शकतात, दुसरे कंटाळवाणे आहे आणि त्यात काहीच मिळत नाही. एक काम तुझे, एक दुसऱ्या विद्यार्थ्याचे. कोणते कोणाला ते तू ठरव, त्या दुसऱ्याला हे कळणार नाही. हवे तर नाणे उडव, म्हणजे दोघांनाही समान संधी मिळेल. सुमारे निम्म्यांनी एकांतात नाणे उडवले. नाणे खरे बोलले असते तर त्यांच्यातल्या साधारण निम्म्यांना कंटाळवाणे काम यायला हवे होते. प्रत्यक्षात दहातल्या जवळजवळ नऊ जणांनी चांगले काम स्वतःकडे घेतले!

म्हणजे नाणे उडवल्याचे समाधान मिळाले, पण नाण्याचे ऐकले नाही. बॅट्सन यांच्या मते अनेकदा माणसाला न्यायाने वागायचे नसते, न्यायी दिसायचे असते आणि त्याची किंमत मात्र द्यायची नसते. आपण ‘दिसणे’ म्हणतो तेव्हा त्यात स्वतःच्या नजरेला दिसणेही आले. माझे पाच मिनिटांचे भाषण हे माझे नाणे होते. ते देऊन झाल्यावर मी माझ्याच नजरेत प्रामाणिक ठरलो होतो.

दुसरा अभ्यास जिलियन जॉर्डन आणि सहकाऱ्यांचा, 2017 चा. लोकांना दांभिक माणसाचा इतका राग का येतो, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर असे मिळाले की आपण दुसऱ्याची निंदा करतो तेव्हा ‘मी असे करत नाही’ हे न बोलताच सांगत असतो. ते खोटे निघाले की ऐकणाऱ्याला फसवल्यासारखे वाटते. जो माणूस ‘हे चूक आहे, पण कधीकधी माझ्याकडूनही होते’ असे आधीच सांगतो, त्याच्यावर लोक तितके रागावत नाहीत. चूक तीच असते, पण खोटी पत मिळवलेली नसते.

मग ‘चार लोक काय म्हणतील’ ही भीती वाईट का? सगळीच नाही. उस्ताद समोर असले की मी पूर्ण मार्ग धावतो, हे खरेच आहे. पण लोकांची नजर आणि योग्य-अयोग्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला सुट्टीत आजोबांनी सांगितलेल्या एका घटनेवरून कळले.

1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक तिथे होते. मिशनच्या लोकांनी चहा दिला. त्या काळी ख्रिस्ती माणसाकडचा चहा घेणे धर्माविरुद्ध समजत. पुढे गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि गावात वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, बहिष्काराची वेळ आली. आपण काशीला प्रायश्चित्त घेतले आहे, असे टिळकांनी सांगितले. रानड्यांनी 1892 साली प्रायश्चित्त घेतले आणि त्याबद्दल सुधारकांची टीकाही सोसली.

चहा पिऊन कोणाचे काहीच नुकसान झाले नव्हते. वादळ उठले ते यादी छापल्यावर. लोकलाजेने तिथे निरपराध कृत्याला शिक्षा दिली आणि आमच्या बांधावर खऱ्या अपराधाला सोडून दिले, कारण माझे नाव कोणत्याच यादीत नव्हते. जी पहारेकरीण कधी चुकीच्या माणसाला धरते आणि कधी झोपते, तिच्या भरवशावर पोस्ट सोडता येत नाही.

बॅट्सन यांनी पुढे आणखी एक प्रयोग केला. न्यायाने वागणे महत्त्वाचे आहे याची आधी आठवण दिली आणि काही जणांना आरशासमोर बसवले. आरशासमोरच्यांच्या नाण्याचे निकाल जवळजवळ निम्मे-निम्मे आले. बघायला नवीन कोणी आले नव्हते, फक्त स्वतःचा चेहरा समोर होता.

यातून मी माझ्यासाठी तीन नियम काढले आहेत. कोणाचे नाव देण्याआधी ‘हे मी केले आहे का?’ असे विचारायचे. उत्तर ‘हो’ असेल तर आधी आपले नाव द्यायचे, मग त्याचे. आणि चिठ्ठी टाकायची किंवा नाणे उडवायचे ते सगळ्यांसमोर, ‘छापा आला तर काय’ हे आधी ठरवून.

दुसरा नियम मी उशिरा पाळला. गेल्या महिन्यात उस्तादांना सगळे सांगितले. सेक्शन कमांडरची फीत उतरली आणि चार रविवार ड्रिल मिळाली. त्या आठवीच्या कॅडेटची मी माफी मागितली. तो म्हणाला, “ठीक आहे, सर. पण आई त्या दिवशी पुरणपोळ्या घेऊन आली होती. मी सुटेपर्यंत मेसचं जेवण झालं होतं आणि त्यांच्या गाडीची वेळ झाली होती.”

त्यावर मला काही बोलता आले नाही. माझी ड्रिल चार रविवारांत संपली. त्याचा तो एक रविवार मला परत देता येत नाही.