परसदारी शोभेचा वृक्ष : निवड आणि लागवड

परसात एकच फुलणारा वृक्ष योग्य जागी उभा असला, तरी साऱ्या घराला शोभा येते. परंतु पिकाची निवड चुकल्यास पुढील हंगामात ती सुधारता येते. वृक्षाची निवड चुकल्याचे मात्र भिंतीला तडे गेल्यावर ध्यानात येते आणि वाढलेले झाड तोडण्याची पाळी येते. म्हणून रोप आणण्यापूर्वी जागा, जमीन व पाणी या तीन गोष्टींचा विचार अवश्य करावा.

जागा

मागील दारातून सहज दृष्टीस पडेल अशी मोकळी जागा निवडावी. मध्यम आकाराचा वृक्ष घराच्या भिंतीपासून १५ ते २० फूट दूर असावा. विहीर, शौचखड्डा व विजेच्या तारा यांपासूनही तो दूर ठेवावा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो व सावली उत्तरेस पडते. म्हणून परसात भाजीचे वाफे असल्यास वृक्ष वाफ्यांच्या उत्तरेस लावावा.

वृक्षाची निवड

गुलमोहराच्या तांबड्या बहराचा मोह अनेकांना पडतो. हा वृक्ष मूळचा मादागास्कर बेटावरील आहे. त्याची मुळे उथळ असून दूरवर पसरतात व फांद्या ठिसूळ असल्याने वादळात मोडतात. मोकळ्या मैदानात तो शोभतो. लहान परसात घरालगत लावू नये.

बहावा : पाण्याचा निचरा होणाऱ्या हलक्या, मुरमाड जमिनीसाठी व कमी पावसाच्या भागासाठी हा उत्तम होय. एप्रिल-मे महिन्यांत पिवळ्या फुलांचे लोंबते घोस येतात. त्या सुमारास पाने विरळ असतात, हे सावलीची अपेक्षा करणाऱ्याने लक्षात घ्यावे. शेंगेतील गर रेचक असल्याने तो मुलांना खाऊ देऊ नये.

तामण : महाराष्ट्राचे हे राज्यपुष्प. कोकणात ओढ्यांच्या काठी हा वृक्ष आढळतो. जेथे ओल टिकते तेथे तो चांगला वाढतो व उन्हाळ्यात जांभळ्या फुलांनी बहरतो. कोरड्या माळावर त्याचा आग्रह धरू नये.

सोनचाफा : सुवासासाठी यासारखा दुसरा वृक्ष नाही. त्याला खोल, कसदार व निचऱ्याची जमीन लागते. बियांच्या रोपास फुले येण्यास बरीच वर्षे लागतात. म्हणून कलम लावावे.

पारिजातक : ज्यांचे परस लहान आहे त्यांनी हाच निवडावा. तो फार मोठा होत नाही आणि पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो.

लागवड व निगा

उन्हाळ्यात २ फूट लांब, रुंद व खोल खड्डा खणून तापू द्यावा. नंतर पोयट्याची माती व दोन घमेली चांगले कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणाने तो भरावा. मृगाचा पाऊस होऊन जमीन पुरेशी ओलावल्यावर रोप लावून काठीचा आधार द्यावा व गुराशेळ्यांपासून रक्षणासाठी काटेरी कुंपण करावे. पहिले दोन उन्हाळे नियमित पाणी द्यावे व बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन करावे.

बहाव्याचे बी कठीण कवचाचे असते. उकळून खाली उतरविलेल्या पाण्यात ते टाकून रात्रभर भिजू द्यावे व मग पेरावे. पावसाळ्यात फिकट पिवळ्या फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या त्याची कोवळी पाने खातात. मोठे झाड पुन्हा पालवते. त्यावर औषध फवारण्याची घाई करू नये. लहान रोपावरील अळ्या मात्र हाताने वेचाव्यात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी रोपे वाटण्यापूर्वी प्रत्येक घराचे परस स्वतः पाहावे. सर्वांना एकाच जातीचे रोप देणे सोयीचे असले, तरी ज्याच्या परसात जे झाड जगेल, तेच त्याला देणे हिताचे होय.