हातचें धन आणि उतारवय

या पाठांत आम्ही एका साध्या प्रश्नाचा विचार करणार आहों: हात थकतील त्या दिवशीं चूल कशावर पेटेल? कांहीं नोकरदारांस निवृत्तिवेतन असतें. परंतु शेतमजूर, गवंडी, शिवणकाम करणारी विधवा व लहान दुकानदार यांस तें नसतें. तें त्यांचें त्यांनींच आज उभें करावयाचें असतें.

प्रथम, घरीं रोकड किती असावी? आजारपण किंवा अडीअडचण यांकरितां एक-दोन महिन्यांच्या खर्चापुरती पुरे. ट्रंकेंतील पैशास चोर, वाळवी व आग यांचें भय असतें. परंतु चौथा चोर जी महागाई, ती कुलूपहि न तोडतां चोरी करिते. भाव दरसाल शेकडा 6 प्रमाणें वाढले, तर सुमारें 12 वर्षांत ते दुप्पट होतात. म्हणजे एकहि नोट न हरवतां दहा हजारांची किंमत अर्धी होते. तसेंच 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्रीं 500 व 1000 च्या जुन्या नोटांचें चलन बंद झालें, तेव्हां डाळीच्या डब्यांत जपलेलें गुपित अनेक बायांस उघड करावें लागलें.

दुसरें, पैसा ठेवावा कोठें? बँकेंतील ठेवींस 4 फेब्रुवारी 2020 पासून प्रत्येक ठेवीदारामागें, प्रत्येक बँकेंत, व्याजासह पांच लाख रुपयांपर्यंत विम्याचें संरक्षण आहे. पतसंस्थेच्या ठेवींस हा विमा लागू नाहीं, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. पोस्टांतील बचतीस सरकारची हमी आहे. यास्तव जादा व्याजाच्या मोहानें सर्व पुंजी एके ठिकाणीं गुंतवूं नये.

तिसरें, म्हातारपणाची तरतूद. अटल पेन्शन योजना 2015 सालीं सुरू झाली. वय 18 ते 40, बँकेंत किंवा पोस्टांत बचत खातें असलेल्या व प्राप्तिकर न भरणाऱ्या मनुष्यास तींत नांव घालतां येतें. साठीनंतर दरमहा 1,000 ते 5,000 रुपये मिळतात, व त्याच्या मागें तेंच वेतन पतीस अथवा पत्नीस चालू राहतें. पांच हजारांसाठीं अठराव्या वर्षीं आरंभ करणारास दरमहा 210 रुपये भरावे लागतात, चाळिसाव्या वर्षीं 1,454.

येथें आम्ही आपली चूक कबूल करितों. हें दार उघडें होतें तेव्हां आम्ही “पुढें पाहूं” म्हणत राहिलों. आतां आमची चाळिशी उलटली आणि तें बंद झालें. आमच्यासारख्यांस पब्लिक प्रॉव्हिडंट फंडाचा 15 वर्षांचा मार्ग अजून मोकळा आहे. त्यांत वर्षास निदान 500 रुपये भरावे लागतात. तथापि तरुणांनीं आमचें अनुकरण करूं नये. पांच हजारांसहि महागाई लागू आहे, म्हणून त्या एकाच आधारावर विसंबूंहि नये.

शेवटीं, प्रत्येक खात्यावर वारसाचें नांव नोंदवावें, व पासबुक कोठें आहे हें घरांतील मनुष्यास सांगून ठेवावें.

घरीं बसून विचारावयाचे प्रश्न:
1. आपल्या घरांत आज किती रोकड पडून आहे, व ती कशासाठीं?
2. आपली ठेव जेथें आहे तेथें विमा किंवा सरकारी हमी आहे काय?
3. आपल्या घरीं चाळिशीच्या आंत कोण आहे, आणि त्यास हें कोण सांगणार?