मुलतानी माती आणि आपली काळी

गेल्या चैत्रांत माझ्या वर्गांतील एक विद्यार्थिनी गाल लाल होऊन, कांहीं ठिकाणीं साल निघून शाळेंत आली. विचारल्यावर हळूच म्हणाली, "सर, गोरी होण्यासाठीं शेतांतली माती लावली होती. तडे जाईपर्यंत ठेवली." मी तिला रागें भरलों नाहीं, कारण तिची समजूत अर्धी खरी होती. उरलेल्या अर्ध्यासाठीं हा लेख.

विद्यार्थिमित्रहो, जळगांव-धुळ्याकडील काळी जमीन उन्हाळ्यांत कशी भेगाळते व पावसाळ्यांत फुगून त्या भेगा कशा बुजतात, हें आपण दर वर्षीं पाहतों. बेसाल्ट नांवाचा काळा दगड हजारों वर्षें झिजून ही माती झाली. तिच्यांत माँटमोरिलोनाइट हें खनिज पुष्कळ असतें. पुस्तकाच्या पानांसारखे त्याचे अतिसूक्ष्म थर असतात. थरांमध्यें पाणी शिरलें कीं तें फुगतें, पाणी गेलें कीं आकसतें. एका ग्रॅमचे थर उलगडले, तर त्यांचा पृष्ठभाग शेंकडों चौरस मीटर भरेल!

मुलतानी मातींतही बहुधा ह्याच कुळांतील खनिज मुख्य असतें. तिला नांव मुलतान शहराचें; तें १९४७ पासून पाकिस्तानांत आहे. आपल्या देशांत ही माती राजस्थानांतील बाडमेर व बिकानेर भागांत निघते. पूर्वीं लोंकरीच्या कापडांतील ओशटपणा काढण्यास धुणारे असलीच माती वापरीत. जें लोंकरीवर, तेंच चेहऱ्यावर: विस्तीर्ण पृष्ठभागावर ती तेल व मळ धरून ठेवते आणि धुतांना सोबत घेऊन जाते.

मग गोरेपणाचें काय? त्वचेचा वर्ण मुख्यतः मेलॅनिन ह्या द्रव्यानें ठरतो. तें त्वचेंतील पेशींत तयार होतें आणि उन्हापासून आपलें रक्षण करतें. वरून लावलेली माती तेथवर पोंचत नाहीं. मळ निघाल्यानें चेहरा घटकाभर उजळ दिसतो, इतकेंच. मुरुमांचेंही तसेंच. वयांत येतांना तैलग्रंथी अधिक तेल स्रवतात. माती वरचें तेल काढते, आंतलें कारण नाहीं. मुरूम दुखरे झाले, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा.

मग शेतांतील माती कां नको? तिच्यांत वाळूचे कण, खत आणि धनुर्वाताचे जंतूही असूं शकतात. खरचटलेल्या त्वचेस ते घातक. म्हणून स्वच्छ केलेली, बारीक चाळलेली मातीच घ्यावी. पाण्यांत कालवून, डोळे व जखमा टाळून पातळ लावावी. प्रथम हातावर थोडी लावून पाहावी. सुमारें दहा मिनिटांनीं, पुरती वाळण्यापूर्वीं, न घांसतां धुवावी. वाळतांना ती त्वचेंतील ओलावाही ओढून घेते. त्या मुलीचे गाल त्यामुळेंच सोलले. कोरड्या त्वचेच्यांनीं ती न लावणेंच बरें.

पालकांस एक विनंति. ती मुलगी मातीपर्यंत आपण होऊन गेली नाहीं. "काळी" हा शब्द घरींदारीं ऐकूनच गेली. ज्या काळीच्या कपाशीवर आपलीं घरें उभीं राहिलीं, तिचें नांव लेंकरास उणें दाखविण्याकरितां आपण कां घ्यावें?