शेतांत मोडलेल्या लोखंडास बॅटरीवर तात्पुरता सांधा

ऊसतोडीच्या हंगामांत भरलेल्या ट्रॉलीचा दांडा शिवारांतच मोडला, तर नुकसान केवळ दांड्याचें होत नाहीं. तोडलेला ऊस जितका वेळ पडून राहील तितकें त्याचें वजन घटतें व साखरेचा उताराहि कमी होतो. शिवाय मागच्या गाड्यांची वाट अडते तें निराळेंच. वेल्डिंगचें दुकान दूर आणि जवळपास वीज नाहीं, अशा वेळीं वाहनांच्या बॅटऱ्या जोडून लोखंडास सांधा देतां येतो. अमेरिकेंतील व ऑस्ट्रेलियांतील निर्जन भागांत मोटारी घेऊन हिंडणारे लोक अडचणीच्या वेळीं हा उपाय योजतात. तो आपल्या शेतकरी बंधूंस उपयोगी पडण्याजोगा आहे. मात्र अर्धवट माहितीवर करूं गेल्यास डोळा, हात, प्रसंगीं जीवहि गमवावा लागेल. म्हणून कृतीबरोबर तिच्या मर्यादाहि येथें सांगत आहों.

तत्त्व

शिशाच्या पत्र्यांची व तेजाबाची बॅटरी फ्रान्समध्यें गास्तों प्लान्ते यानें १८५९ सालीं तयार केली. तिची जात आजहि तीच आहे. वाहनाच्या बॅटरींत सहा घरें असून प्रत्येकाचे सुमारें दोन, असे एकूण बारा व्होल्ट होतात. व्होल्ट म्हणजे पाण्याच्या टाकीची उंची व अँपिअर म्हणजे पाटांतून वाहणारें पाणी, असें समजावें. वेल्डिंगची ज्योत टिकण्यास वीस-पंचवीस व्होल्टांचा दाब लागतो. म्हणून एका बॅटरीवर हें काम होत नाहीं. दोन बॅटऱ्या ओळीनें जोडल्यास चोवीस व्होल्ट मिळतात. त्यांवर अडीच मिलिमीटरच्या बारीक रॉडनें पातळ लोखंडाचें काम कसेंबसें होतें. तीन जोडल्यास छत्तीस व्होल्ट मिळून सव्वातीन मिलिमीटरपर्यंतचा रॉड चांगला चालतो. चौथी बॅटरी जोडूं नये. प्रवाह अनावर होऊन लोखंडास भोकें पडतात.

ओळीनें जोडलेल्या सर्व बॅटऱ्यांतून सारखाच प्रवाह वाहतो. तेव्हां तिन्ही बॅटऱ्या जवळजवळ एकाच मापाच्या असाव्या. दोन ट्रॅक्टरच्या आणि तिसरी मोटारसायकलची, अशी जोड केल्यास लहान बॅटरी तापून फुटेल.

बॅटरीचा धोका

बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो. हवेंत तो शेंकडा चार भाग झाला, कीं एका ठिणगीनें भडका उडूं शकतो व बॅटरी फुटून तेजाब अंगावर उडतें. सबब पुढील नियम मोडूं नयेत.

१. बॅटऱ्या वाहनांतून सोडवून खालीं काढाव्या. जागेवरच ठेवून काम केल्यास आल्टरनेटर व इतर विजेचे भाग जळतील.

२. त्या कामाच्या जागेपासून आठ-दहा फूट दूर, वाऱ्याच्या वरच्या बाजूस, मोकळ्या हवेंत ठेवाव्या. ठिणग्यांना आड म्हणून मध्यें चाक किंवा मातीचा ढीग असावा.

३. फुगलेली, तडकलेली वा गळकी बॅटरी घेऊं नये. पाण्याची बॅटरी असल्यास आंतील पत्रे पाण्याखालीं आहेत हें आधीं पाहावें. उणें असल्यास शुद्ध केलेलें पाणी घालावें.

४. अंगठी, कडें, घड्याळ व करदोटा काढून ठेवावा. बॅटरीच्या दोन टोकांमध्यें धातु आडवा आला, तर तो क्षणांत लाल होतो.

जोडणी

पहिल्या बॅटरीचें धन टोंक दुसऱ्या बॅटरीच्या ऋण टोंकास, व दुसरीचें धन तिसरीच्या ऋणास जाड तांब्याच्या तारेनें घट्ट जोडावें. पहिलीचें उरलेलें ऋण टोंक मोडलेल्या लोखंडास, सांध्याच्या अगदीं जवळ, घासून चकचकीत केलेल्या जागीं चिमट्यानें लावावें. दूर लावल्यास प्रवाह बेअरिंगमधून वाहून तें खराब होतें. तिसरीचें धन टोंक रॉडच्या होल्डरकडे न्यावें. होल्डर रिकामा, कोरड्या लांकडावर ठेवून मगच ही जोडणी करावी. रॉड सर्वांत शेवटीं बसवावा. तारा बारीक असतील तर तापून त्यांचें आवरण वितळतें.

काम

सांध्यावरचा रंग, तेल व गंज कानशीनें काढून टाकावा. चीर असल्यास तिच्या कडा उतरत्या कराव्या. शक्य तेथें वरून लोखंडी पट्टी ठेवावी, म्हणजे सर्व भार चिरेवर येत नाहीं. प्रथम दोन-चार टाके मारून भाग सरळ आहे कीं नाहीं पाहावें. मग बोटभर लांबीचे वळ घालावे, व प्रत्येक वळावरील काळी खपली हातोडीनें झाडून मगच पुढचा घालावा. रॉड कोरडा असावा. तो चिकटून बसल्यास होल्डरचा चिमटा दाबून ताबडतोब सोडवावा. त्या वेळीं बॅटरीवरील तार मात्र ओढूं नये, कारण तेथें ठिणगी पडणें सर्वांत घातक.

एक रॉड सुमारें दीड मिनिट जळतो. शंभर अँपिअरच्या हिशेबानें त्यास बॅटरींतील अडीच अँपिअर-तास लागतात. पांच-सहा रॉड झाले कीं थांबावें, नाहींतर पुढें इंजिन सुरू करण्यास शक्ति उरणार नाहीं. काम संपल्यावर रॉड काढावा, थोडा वेळ जाऊं द्यावा, आणि नंतर तारा सोडाव्या. तापलेल्या सांध्यावर पाणी ओतूं नये. त्यानें लोखंड ठिसूळ होतें.

डोळे, अंग व आग

वेल्डिंगची दहा किंवा अकरा नंबरची काच असल्याशिवाय ज्योतीकडे पाहूं नये. उन्हाचा चष्मा पुरत नाहीं. उघड्या डोळ्यांनीं पाहणाऱ्यास त्या वेळीं कांहीं वाटत नाहीं, पण कांहीं तासांनीं डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग सुरू होते. अंगावर जाड सुती कपडे व हातांत चामडी मोजे असावे. जस्त चढविलेल्या पत्र्याचा धूर छातींत घेऊं नये. भोंवतालचें पाचट दूर सारावें, आणि पाण्याच्या बादलीसह एक माणूस केवळ आगीवर नजर ठेवण्यास उभा करावा. तेजाब डोळ्यांत गेल्यास निदान पंधरा मिनिटें स्वच्छ पाण्यानें धुवून लगेच डॉक्टर गांठावा.

वर्ज्य कामें

स्टिअरिंगचे व ब्रेकचे भाग आणि आंस यांस असला सांधा कधींहि देऊं नये. पाट्यांचें पोलाद व बीड या सांध्यानें तडकतात. डिझेलची टाकी, औषधाचें पिंप किंवा कोणतेंहि बंद भांडें यांस, तें रिकामें दिसलें तरी, हात लावूं नये. तसेंच साखळदंड, बोल्ट किंवा जादा खीळ यांनीं काम भागत असेल, तर तोच मार्ग प्रथम धरावा.

असा सांधा घरापर्यंत किंवा दुकानापर्यंत पोंचण्यापुरताच असतो. भार कमी करून, बाजूस साखळदंड बांधून, हळू चालीनें न्यावें, व दुकानांत तो घासून काढून नव्यानें जोडवून घ्यावा. भरल्या ट्रॉलीमागें रस्त्यानें इतर माणसेंहि चालत असतात. आपला एक दिवस वाचविण्यासाठीं तात्पुरता सांधा कायमचा मानल्यास त्याची किंमत त्यांना मोजावी लागेल, हें ध्यानांत ठेवावें.