घरचं थोडं आम्हालाही सांगा

पालकसभेला तुम्ही येता, सही करता, पोरांच्या बाकावर अंग चोरून बसता आणि तुमची पाळी आली की एकच विचारता, "कसा आहे हो मॅडम अभ्यासात?" मी घटक चाचणीचे गुण सांगते. "जरा लक्ष असू द्या," म्हणून तुम्ही निघता. दोन मिनिटांत आटोपतं. खरं तर विचारायचं मलाही असतं. पण मागे रांग असते, आणि चारचौघांत कुणाच्या घरचं विचारणं बरं दिसत नाही. म्हणून इथे निवांत बोलू.

मी नववी-दहावीला मराठी आणि इतिहास शिकवते. शाळा पलूस-तासगावकडची, ऊस आणि द्राक्षांच्या पट्ट्यातली. वर्गात साठाच्या वर पोरं. दिवसाचे पाच-सहा तास, शिवाय कुणी रजेवर असलं की त्याचा ऑफ तास आपल्या गळ्यात. यात एकेका पोराकडे नीट बघायला सवड ती किती मिळणार? मूल कळतं ते स्टाफरूममध्ये. मधल्या सुट्टीत चहा आलेला असतो, एकीकडे वह्या तपासणं चालू, एकीकडे पोर्टलवर कसली तरी माहिती भरणं चालू (ती आज मागवतात आणि त्यांना कालपर्यंत हवी असते), आणि मध्येच कुणीतरी म्हणतं, "नववी ब मधला तो तुमचा उंच पोरगा, हल्ली एकटाच असतो का हो?" मग एकेक जण बोलतो. कोण पळताना धापा टाकतं ते पीटीच्या सरांना माहीत, फळ्यापुढे कोण थिजतं ते गणिताच्या सरांना. शिपाईमामांना तर सगळंच माहीत: शाळा भरल्यावरही गेटबाहेर कोण घुटमळतं, कुणाला न्यायला रोज वेगळं माणूस येतं. असं थोडं थोडं करत पोर जुळत जातं. घरचा तुकडा मात्र आमच्यापैकी कुणाकडेच नसतो.

नववीतला एक मुलगा पहिल्या तासाला झोपायचा. पेंगायचा नाही, सरळ दप्तरावर डोकं ठेवून गाढ. उठवलं की निमूटपणे तोंड धुऊन यायचा, पाच मिनिटांत पुन्हा तेच. इंग्रजीच्या मॅडमचं म्हणणं, रात्रभर मोबाइल. कुणी म्हणालं, रक्त तपासायला सांगा. मला कोडं वेगळंच पडलं होतं. पोरगं काही दिवस झोपायचं आणि पुढचे काही दिवस एकदम ताजंतवानं. हे बोलले तसे विज्ञानाचे सर हसले. त्यांची स्वतःची शेती आहे. म्हणाले, "मॅडम, लाइटचं वेळापत्रक बघा." शेतीपंपाची थ्री फेज आमच्याकडे पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. वडलांच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं. रात्रीची लाइट आली की बॅटरी घेऊन उसाला दारं धरायला हाच जायचा. आईला विचारलं, तर म्हणाली, "ते काय सांगायचं मॅडम, शेतकऱ्याच्या घरात चालायचंच." बरोबर आहे, चालायचंच. पाणी पाजू नका, असं सांगणारी मी कोण? पण कळल्यावर एवढं झालं, की त्या दिवसांत गणिताच्या सरांनी त्याला उठवणं सोडलं आणि बुडालेला भाग ऑफ तासाला बसवून करून घेतला. आईनं जूनमध्येच सांगितलं असतं, तर पोराची वर्गभर 'झोप्या' म्हणून ख्याती तरी झाली नसती.

नववीत आणखी एक गोष्ट बदलते, तिकडे बहुतेक घरांचं लक्षच जात नाही. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच असतो. परवापरवापर्यंत शाळेत खिचडी खाणारं पोर जूनमध्ये वरच्या वर्गात येतं आणि त्याचं दुपारचं जेवण बंद होतं. घरात डब्याची सवय कुणालाच नसते. मुलगे म्हणतात, "भूक नाही." मुली उपास सांगतात, आठवड्यातून चारदा. चौथ्या तासाला चेहऱ्यावर सगळं दिसतं. फार काही नको, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुरते. पण बांधून द्या, आणि दिलेला डबा संध्याकाळी उघडून बघा.

आता त्या वीस गुणांचं. दहावीला भाषेचे ८० गुण लेखी परीक्षेचे आणि २० अंतर्गत, त्यात तोंडी परीक्षा येते. २०१९ साली भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे हे अंतर्गत गुण काढून टाकले होते. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला राज्याचा निकाल त्या वर्षी ७७.१० वर आला, बोंबाबोंब झाली, आणि पुढच्या परीक्षेला गुण परत आले. तेव्हापासून "वीस तर शाळाच देते" असं तुमच्यापैकी पुष्कळ जण म्हणतात. देते खरी, पण त्यासाठी पोरानं तोंड उघडावं लागतं. दहावीतली एक मुलगी मला दोन वर्षं 'हजर'च्या पलीकडे बोललेली आठवत नव्हती. तिची आई दाखल्याच्या कामाला आली होती, जाता जाता म्हणाली, "घरात हिची टकळी बंद होत नाही. आजीला दिसत नाही ना, तर टीव्हीवरची मालिका ही तिला सगळी सांगते, कोण कुठल्या साडीत आलं इथपासून." तोंडी परीक्षेला तिला मी निबंधाचा विषय दिलाच नाही. म्हटलं, कालचा भाग सांग. दहा मिनिटं झाली तरी थांबेना. शेवटी मीच पुरे म्हटलं, मागे अजून मुलं होती.

सगळंच सांगा असं नाही. कर्ज किती, भावकीत काय चाललंय, हे आम्हाला नको. आजारपण आहे, बाप कामाला पुण्याला गेलाय, पोरगी सध्या मामाकडे राहते, एवढं पुरे. दमा, फिट मात्र लपवू नका. पुढे लग्नाला अडचण येईल म्हणून मुलीची फिट शाळेपासून झाकून ठेवणारी घरं आहेत. ती मैदानावर पडली तर पीटीच्या सरांनी काय समजायचं आणि काय करायचं?

सांगितलेलं स्टाफरूममध्ये चघळलं जाईल, ही तुमची शंका मला कळते. जातंही कधीकधी, उगाच नाही कशाला म्हणू. म्हणून जे कुणाला कळू नये असं वाटतं ते वर्गशिक्षकाला एकट्याला गाठून सांगा, आणि 'तुमच्यापाशीच ठेवा' हे शब्द स्पष्ट बोला. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर काहीच लिहू नका. तिथे साठ घरं वाचतात आणि त्यातली निम्मी पोरंच वाचतात, आईच्या फोनवरून.

यायचंच तर शनिवारी या. सकाळची शाळा असते, सुटल्यावर अर्धा-पाऊण तास आम्ही बसलेलो असतो. सहामाहीच्या पेपर तपासणीचे आठ दिवस तेवढे सोडा, तेव्हा आम्ही माणसांत नसतो.