हवेची पारख : एक निरीक्षणपाठ

हवा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ती स्वच्छच असणार, असे मुले गृहीत धरतात. खेड्यात कारखान्यांची धुराडी नसली, तरी चूल, जळता पालापाचोळा, वीटभट्टी व रस्त्याची धूळ ही असतातच. हवेची पारख अंदाजाने नव्हे, मोजणीने करावी, हे मुलांच्या मनावर ठसविणे हा या पाठाचा उद्देश होय.

प्रास्ताविक : १९५२ च्या डिसेंबरात, ५ ते ९ तारखांस, लंडनवर कोळशाचा धूर व धुके यांचे दाट आवरण पसरले. त्यामुळे सुमारे ४,००० माणसे दगावली, असा अंदाज त्या वेळी करण्यात आला. पुढील संशोधनात तो सुमारे १२,००० वर गेला. पांढऱ्या गाळणकागदातून हवा ओढून, कागदावरील डागाच्या काळेपणावरून तेथे धूर मोजीत असत. धुराचे आकडे व मृत्यूंचे आकडे शेजारी ठेवल्यावर अनर्थाचे कारण स्पष्ट झाले. १९५६ मध्ये तेथे स्वच्छ हवेचा कायदा झाला.

कृती : पांढऱ्या जाड कागदाचे पाच सारखे तुकडे घ्यावेत. प्रत्येकावर एक चौरस सेंटिमीटरचा चौकोन आखून व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा. चार तुकडे शाळेचा व्हरांडा, रस्त्याचा कडेला, शेतातील झाड व स्वयंपाकघर येथे एक दिवस टांगावेत. पाचवा तुलनेसाठी डबीत बंद ठेवावा. दुसऱ्या दिवशी भिंगाखाली चौकोनातील कण मोजून आकडे फळ्यावर मांडावेत.

मर्यादा : कागदावर ठळक धूळच दिसते. अडीच मायक्रोमीटरहून लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे कण फुप्फुसात खोलवर जातात. ते मोजण्यास यंत्रच लागते. अशा कणांची २४ तासांची सरासरी घनमीटरास ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी, असे आपल्या देशात २००९ साली ठरले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ ची मर्यादा सुचविली. म्हणून कागद स्वच्छ निघाला, तरी हवा निर्दोष आहे असा निष्कर्ष मुलांना काढू देऊ नये.

सूचना : एखाद्या घरचा कागद काळा निघाल्यास त्या मुलाची हेटाळणी होऊ नये, चुलीचा धूर हा गरिबीचा दोष आहे, त्याचा नव्हे. उलट वाळलेले सरपण वापरणे, धुरास वाट ठेवणे, तान्ह्या मुलांस चुलीपासून दूर ठेवणे व पालापाचोळा न जाळता खतास घालणे, हे उपाय मुलांकडूनच वदवून घ्यावेत. ते घरोघर पोचले, म्हणजे पाठ सफल झाला.